वित्तीय मालमत्ता आणि देणी यांचे रास्त मूल्य कसे काढावे : इंड एएस ११३ नुसार प्रत्यक्ष काम करण्याची पद्धत

कंपनीच्या ताळेबंदातील काही आकडे बिलावरून किंवा बँकेच्या पासबुकावरून जसेच्या तसे उतरवता येतात, तर काही आकडे कंपनीला स्वतः काढावे लागतात. गुंतवणुकीतले शेअर, कर्जरोखे, डॉलरचे फॉरवर्ड करार (पुढच्या तारखेला डॉलर घेण्या-विकण्याचा दर आजच ठरवणारे करार), नोंदणी नसलेल्या कंपनीतील हिस्सा, बिनव्याजी दिलेली अनामत, कंपनीने स्वतः काढलेले डिबेंचर या सगळ्यांचे ३१ मार्च रोजीचे रास्त मूल्य, म्हणजेच लेखा विभागात ज्याला सर्रास फेअर व्हॅल्यू म्हणतात ते, कसे ठरवायचे याचे नियम भारतात इंड एएस (भारतीय लेखा मानके) मालिकेतील ११३ क्रमांकाच्या मानकात दिलेले आहेत. आयएफआरएस १३ या आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेले हे मानक फेब्रुवारी २०१५ मध्ये अधिसूचित झाले. ५०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक नक्त मूल्य (नेट वर्थ) असलेल्या कंपन्यांना ते १ एप्रिल २०१६ पासून, आणि शेअर बाजारात नोंदलेल्या इतर कंपन्यांना व २५० कोटी किंवा त्याहून अधिक नक्त मूल्य असलेल्या बिगरनोंदणीकृत कंपन्यांना १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले. बिगरबँक वित्तीय कंपन्यांची पाळी २०१८ पासून टप्प्याटप्प्याने आली. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने इंड एएस पुढे ढकलले असले, तरी सप्टेंबर २०२३ च्या निर्देशांनुसार १ एप्रिल २०२४ पासून बँकांच्या गुंतवणुकीलाही रास्त मूल्याच्या तीन पातळ्या लागू झाल्या आहेत.

ही पद्धत समजून घेताना एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी, कारण पुढचे बहुतेक वाद तिच्याशी येऊन थांबतात. रास्त मूल्य हे कंपनीचे मत नसते. मोजमापाच्या दिवशी, बाजारातील माहीतगार आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या पक्षांमध्ये सुरळीत व्यवहार झाला असता, तर मालमत्ता विकून जी किंमत हाती आली असती किंवा देणे दुसऱ्याकडे सोपवण्यासाठी जी रक्कम मोजावी लागली असती, ती किंमत म्हणजे रास्त मूल्य. हा शेअर आपण दहा वर्षे विकणारच नाही, हे संचालक मंडळाचे म्हणणे कितीही प्रामाणिक असले तरी त्याचा या आकड्याशी संबंध नाही. खरेदीची किंमतही येथे कामाची नाही. विकून बाहेर पडताना काय मिळेल एवढाच प्रश्न आहे.

काय मोजायचे आणि कोणत्या बाजारात

पहिले काम यादीचे. वित्तीय साधनांविषयीच्या इंड एएस १०९ नुसार कोणती साधने रास्त मूल्याने ताळेबंदात येतात, आणि कोणती परिशोधित खर्चाने (मूळ रकमेत व्याज व परतफेड यांचा हिशेब धरून, ॲमॉर्टाइज्ड कॉस्ट) येतात पण ज्यांचे रास्त मूल्य केवळ टिपांमध्ये द्यावे लागते, हे वेगळे लिहून काढावे. व्यापारी येणी, रोकड, अल्पमुदतीची देणी यांच्या बाबतीत पुस्तकी रक्कम आणि रास्त मूल्य यांत फारसा फरक नसतो, आणि तसे असेल तर वेगळे मोजमाप दाखवावे लागत नाही. सहयोगी व उपकंपन्यांमधील गुंतवणूक स्वतंत्र वित्तीय विवरणपत्रांत खर्चाने दाखवण्याचा पर्याय निवडला असेल, तर तीही या यादीतून बाहेर पडते. यादी लहान झाली की खरे काम स्पष्ट दिसू लागते.

नंतर बाजार ठरवावा. ज्या बाजारात त्या साधनाची उलाढाल सर्वाधिक असते आणि जेथे कंपनीला प्रत्यक्ष प्रवेश आहे, तो मुख्य बाजार. एखादा शेअर राष्ट्रीय शेअर बाजार आणि मुंबई शेअर बाजार या दोन्ही ठिकाणी नोंदलेला असेल, तर ज्या ठिकाणी त्याची उलाढाल जास्त आहे तेथील भाव घ्यावा. दुसरीकडे त्या दिवशी पाच पैसे जास्त मिळत होते म्हणून तो भाव उचलता येत नाही. सर्वाधिक लाभदायक बाजाराचा विचार मुख्य बाजार नसेल तेव्हाच करायचा. दलाली, मुद्रांक शुल्क, रोखे व्यवहार कर असे विक्रीचे खर्च रास्त मूल्यातून वजा करू नयेत, कारण ते त्या शेअरचे गुण नसून व्यवहाराचे खर्च आहेत.

साधनावर काही बंधन असेल तर ते कोणाचे आहे हे पाहावे. बंधन शेअरबरोबर नव्या खरेदीदाराकडेही जाणार असेल, तर खरेदीदार ते किमतीत धरेल, म्हणून आपणही धरावे. शेअर कर्जासाठी बँकेकडे तारण आहेत, ही मात्र आजच्या मालकाची अडचण आहे. तिच्यामुळे शेअरचे रास्त मूल्य कमी होत नाही.

तीन पातळ्या

मोजमापासाठी जी माहिती वापरली, तिच्या दर्जानुसार आकडा तीनपैकी एका पातळीवर बसतो. सक्रिय बाजारातील, तंतोतंत त्याच साधनाचा, काहीही फेरफार न केलेला भाव ही पहिली पातळी. तसा भाव नसेल, पण बाजारात दिसणारी इतर माहिती, म्हणजे सरकारी रोख्यांचे परतावे, सारख्या पतमानांकनाच्या रोख्यांचे व्यवहार, विनिमय दर वापरून आकडा काढता येत असेल, तर दुसरी पातळी. आणि आकड्यावर लक्षणीय परिणाम करणारी माहिती बाजारात दिसतच नसेल, ती अंदाजाने घ्यावी लागत असेल, तर तिसरी. पातळी ठरवणारी माहिती ही सर्वांत कच्ची, पण महत्त्वाची असलेली माहिती असते. नऊ गोष्टी बाजारातून घेतल्या आणि दहावी अंदाजाने घेतली, आणि त्या दहाव्या गोष्टीने आकडा बराच हलत असेल, तर संपूर्ण मोजमाप तिसऱ्या पातळीचे.

पहिल्या पातळीत करण्यासारखे फार नसते, म्हणूनच तेथे नको ते करण्याचा मोह होतो. एका कंपनीकडे दुसऱ्या कंपनीचे चार टक्के शेअर असतील आणि ते एकाच दिवशी बाजारात ओतले तर भाव कोसळेल हे खरे असले, तरी त्या कारणासाठी भावात कपात करण्यास मानकाची स्पष्ट मनाई आहे : एका शेअरचा भाव गुणिले शेअरची संख्या, बस. घाबरलेल्या बाजाराचेही तसेच आहे. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० अंकांहून अधिक घसरला आणि त्यानंतर आठ दिवसांनीच वर्षअखेर आली. त्या काळात हे भाव खरे नाहीत अशी तक्रार अनेक लेखा विभागांतून ऐकू आली. परंतु व्यवहार भरपूर होत होते, विक्रेत्यांवर सक्ती नव्हती, बाजार चालू होता. मग ३१ मार्चचा भाव हाच ३१ मार्चचा भाव. एप्रिलमध्ये बाजार सावरला काय किंवा आणखी पडला काय, ताळेबंदाच्या तारखेचा आकडा त्यामुळे बदलत नाही, कारण ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घटनांविषयीच्या इंड एएस १० प्रमाणे नंतरची घसरण किंवा वाढ ही समायोजन न करण्याची घटना आहे. भाव बाजूला ठेवता येतो तो व्यवहार सुरळीत नव्हता हे दाखवता आले तरच, उदाहरणार्थ दिवाळखोरीतील विक्रेत्याने मिळेल त्या किमतीला केलेली विक्री; आणि ते दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर असते.

दुसरी पातळी : रोखा, फॉरवर्ड करार आणि अनामत

कर्जरोख्यांचा बाजार आपल्याकडे बराचसा शांत असतो. रोखा नोंदलेला असतो, पण महिनोन्‌महिने त्यात व्यवहार होत नाही. अशा रोख्याचे मूल्य काढण्याची पायरी एका उदाहरणाने पाहू. डबल ए मानांकनाचा, एक लाख रुपये दर्शनी किमतीचा, ७.५ टक्के वार्षिक व्याजाचा रोखा आहे आणि त्याची दोन वर्षे शिल्लक आहेत असे समजा. दोन वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा ६.८० टक्के आहे. येथे थांबावे : सरकारी रोख्यांचे परतावे सहामाही चक्रवाढीने सांगितले जातात, म्हणून ते आधी वार्षिक करावे लागतात, आणि ६.८० चे वार्षिक ६.९२ टक्के होतात. ही पायरी गाळलेली कागदपत्रे अजूनही पाहायला मिळतात. त्यावर त्याच मानांकनाच्या व मुदतीच्या रोख्यांच्या व्यवहारांतून दिसणारा अधिकचा परतावा ०.६८ टक्के आणि व्यवहार विरळ असल्याचा ०.४० टक्के धरला, तर एकूण दर ८ टक्के होतो. पहिल्या वर्षीचे ७,५०० रुपये आणि दुसऱ्या वर्षीचे १,०७,५०० रुपये या दराने आजच्या किमतीत आणले की बेरीज सुमारे ९९,१०८ रुपये येते. विरळ व्यवहारासाठी धरलेले ०.४० टक्के कोठून आले याचे उत्तर बाजारातील व्यवहारांतून देता आले, तर ही दुसरी पातळी. ते केवळ अनुभवावरून घेतले असेल आणि त्याचा परिणाम लक्षणीय असेल, तर तिसरी. सरकारी रोख्यांचे परतावे आणि डॉलरचा संदर्भ दर एफबीआयएल ही बाजारातील आधारभूत दर काढणारी संस्था प्रसिद्ध करते, त्यामुळे निदान पायाचा दर तरी कोणाच्या मर्जीचा राहत नाही.

फॉरवर्ड कराराचे गणित याहून सोपे आहे. निर्यात करणाऱ्या एका कंपनीने दहा लाख डॉलर तीन महिन्यांनी ८४.५० रुपयांना विकण्याचा करार केलेला आहे, आणि ३१ मार्च रोजी त्याच तारखेसाठी नवा करार ८६.१० रुपयांना होत आहे. डॉलरमागे १.६० रुपये, म्हणजे १६ लाख रुपयांचे देणे; ६.८ टक्क्यांनी तीन महिन्यांसाठी मागे आणले की सुमारे १५ लाख ७३ हजार. बँकेने पाठवलेले मूल्याचे पत्र फाइलला लावून मोकळे होण्याची पद्धत रूढ आहे, पण ते पत्र म्हणजे पुरावा, मोजमाप नव्हे. निदान एका कराराचे गणित स्वतः करून पत्रातील आकड्याशी जुळवून पाहावे. शिवाय करार कंपनीच्या बाजूने असेल तर बँक पैसे न देण्याची जोखीम, आणि विरुद्ध असेल तर कंपनी स्वतः न देण्याची जोखीम, किमतीत धरली गेली आहे का हेही पाहावे.

बिनव्याजी अनामतीकडे मात्र अनेकांचे लक्ष जात नाही. कार्यालयासाठी घरमालकाला तीन वर्षांकरिता दिलेल्या दहा लाख रुपयांच्या अनामतीचे पहिल्या दिवशीचे रास्त मूल्य दहा लाख नसते. नऊ टक्के दराने ते ७,७२,१८३ रुपये होते. उरलेले २,२७,८१७ रुपये प्रत्यक्षात भाड्याचाच आगाऊ भाग आहेत आणि ते भाडेपट्ट्यांविषयीच्या इंड एएस ११६ प्रमाणे वापराच्या हक्काच्या मालमत्तेत जातात. त्यानंतर अनामतीवर पहिल्या वर्षी ६९,४९७, दुसऱ्या वर्षी ७५,७५१ आणि तिसऱ्या वर्षी ८२,५६९ रुपये व्याज नोंदले जाते आणि अखेरीस रक्कम पुन्हा दहा लाख होते. कर्मचाऱ्यांना सवलतीच्या व्याजाने दिलेल्या कर्जांनाही हीच रीत लागू पडते. तेथील फरक कर्मचारी लाभाचा खर्च असतो.

तिसरी पातळी : जेथे जबाबदारी वाढते

नोंदणी नसलेल्या कंपनीतील शेअर हा तिसऱ्या पातळीचा नेहमीचा रहिवासी. सुट्या भागांचा कारखाना चालवणाऱ्या एका कंपनीत १२ टक्के हिस्सा आहे असे धरू. व्याज, कर आणि घसारा यांच्या आधीचा तिचा वार्षिक नफा १८ कोटी रुपये आहे. त्याच धंद्यातल्या नोंदलेल्या कंपन्यांचे उद्यममूल्य (कर्जासह संपूर्ण धंद्याचे मूल्य) या नफ्याच्या सरासरी नऊ पट आहे, म्हणून या कंपनीचे उद्यममूल्य १६२ कोटी. त्यातून ३२ कोटींचे निव्वळ कर्ज वजा केले की भागधारकांसाठी १३० कोटी उरतात, आणि १२ टक्के हिश्श्याचे १५ कोटी ६० लाख होतात. हा हिस्सा सहज विकता येत नाही म्हणून २० टक्के कपात केली, तर १२ कोटी ४८ लाख. प्रत्येक पायरीवर निवड आहे : कोणत्या कंपन्या तुलनेला घेतल्या, नऊ पट हाच आकडा का, एकदाच झालेला नफा वगळला का, कपात वीसच टक्के का. नऊऐवजी आठ पट धरली तर मूल्य १० कोटी ७५ लाखांवर येते आणि दहा पट धरली तर १४ कोटी २१ लाखांवर जाते. एका पटीने पावणेदोन कोटींचा फरक पडतो, म्हणून हा तक्ता कार्यपत्रिकेत असलाच पाहिजे. मानकानेही तिसऱ्या पातळीच्या वित्तीय साधनांसाठी असा परिणाम जाहीर करणे बंधनकारक केले आहे.

या पातळीवर अंदाजांना लगाम घालणारा एक चांगला नियम आहे, आणि तो पुरेसा वापरला जात नाही असे माझे मत आहे. हिस्सा विकत घेतला त्या दिवशीची किंमत रास्त होती असे मानले असेल, तर आपले सूत्र त्या दिवशीच्या माहितीवर चालवून पाहावे आणि उत्तर त्या किमतीशी जुळेल अशा रीतीने कपात किंवा पट बसवून घ्यावी. खरेदीच्या दिवशी सूत्राने पंधरा टक्के कपातीवर बरोबर किंमत दिली असेल, तर वर्षअखेरीस ती कपात वीसवर का गेली याचे कारण सांगावे लागते. आकडा सोयीचा करण्यासाठी पद्धत बदलण्याचा मार्ग येथेच बंद होतो. पद्धत बदलता येते, परंतु नवी पद्धत रास्त मूल्य अधिक चांगले दाखवते हे पटवता आले तरच, आणि तो बदल लेखा अंदाजातील बदल म्हणून पुढच्या काळासाठी नोंदवला जातो.

शेअर नोंदलेला नाही म्हणून खर्चालाच रास्त मूल्य समजणे ही सोय इंड एएस १०९ मर्यादित परिस्थितीतच देते : नव्याने मिळालेली माहिती पुरेशी नसेल, किंवा संभाव्य मूल्यांची श्रेणी फार रुंद असून खर्च हाच त्यातील सर्वोत्तम अंदाज असेल तेव्हा. कंपनीची विक्री निम्म्यावर आली किंवा नव्या गुंतवणूकदाराने दुप्पट भावाने हिस्सा घेतला, तर ही सोय संपते.

देण्यांचे रास्त मूल्य

कंपनीने स्वतः काढलेले रोखे रास्त मूल्याने मोजायचे ठरवले असतील, तर एक गोष्ट प्रथमदर्शनी खटकते. शंभर रुपयांचा, ८ टक्के वार्षिक व्याजाचा, तीन वर्षे शिल्लक असलेला रोखा आहे. कंपनीची पत ढासळली आणि बाजार तिच्याकडून आता ९.५ टक्के मागू लागला, तर त्या देण्याचे मूल्य ९६ रुपये २४ पैशांवर येते. पत बिघडल्याने नफा झाला असे दिसते. देण्याच्या रास्त मूल्यात न फेडण्याची जोखीम, म्हणजे कंपनीची स्वतःची पतजोखीमही, धरावीच लागते. ते टाळता येत नाही. मात्र रास्त मूल्याचा पर्याय स्वेच्छेने निवडलेल्या देण्यांच्या बाबतीत हा पतीमुळे आलेला ३ रुपये ७६ पैशांचा फरक नफा-तोटा पत्रकात न नेता ओसीआयमध्ये (इतर सर्वसमावेशक उत्पन्नात) न्यावा असे इंड एएस १०९ सांगते, आणि ही तरतूद शहाणपणाची आहे. देण्याला स्वतंत्र बाजारभाव नसेल, तर तेच साधन ज्याच्याकडे मालमत्ता म्हणून आहे त्याच्या बाजूने मूल्य काढावे. मागणी करताच परत करावी लागणारी रक्कम मात्र मागणीच्या रकमेपेक्षा कमी मूल्याने दाखवता येत नाही, ठेवीदार प्रत्यक्षात पाच वर्षे पैसे काढत नसले तरीही.

बाजारातील खरेदीदार कसा विचार करतो

सूत्र बरोबर आणि उत्तर चूक, असे कसे होते हे एटी-१ रोख्यांच्या, म्हणजे बँकेच्या भांडवलात धरल्या जाणाऱ्या रोख्यांच्या, प्रकरणात दिसले. बँकांच्या या रोख्यांना मुदत नसते, पण साधारणपणे पाच वर्षांनंतर ते परत घेण्याचा पर्याय बँकेला असतो, आणि बाजारातील खरेदीदार त्या तारखेपर्यंतचा परतावा धरूनच भाव करतात. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे सुमारे ८,४०० कोटी रुपयांचे असे रोखे शून्यावर आणले गेले. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये सेबीने म्युच्युअल फंडांना या रोख्यांची मुदत १०० वर्षे धरून मूल्य काढण्यास सांगितले. अर्थ मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि काही दिवसांतच सेबीने तो नियम टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरवले. अखेर राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाच्या शिफारशीनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीने परत घेण्याच्या तारखेपर्यंतचा परतावा धरून मूल्यांकन करण्यास मान्यता दिली, कारण बाजारातील सहभागी तसाच भाव करतात आणि इंड एएस ११३ ला तेच अपेक्षित आहे. मुदत, परतफेड, पर्याय यांविषयी गृहीत धरताना करारनाम्याबरोबरच प्रत्यक्ष व्यवहारांचे भाव कशावर ठरतात हे पाहावे, ही सवय प्रत्येक मूल्यांकनात उपयोगी पडते.

कागदपत्रे आणि टिपा

प्रत्येक मोजमापासाठी एक पान पुरेसे होते, जर त्यावर साधनाचे वर्णन, मुख्य बाजार, वापरलेली पद्धत, प्रत्येक दराचा किंवा पटीचा स्रोत आणि तो पाहिल्याची तारीख, पातळी आणि ती निवडण्याचे कारण लिहिलेले असेल. आकडा ज्याने काढला त्याच्याशिवाय दुसऱ्या व्यक्तीने तो तपासलेला असावा. बाहेरच्या मूल्यांककाकडून अहवाल घेतला, तरी गृहीतकांची जबाबदारी व्यवस्थापनाचीच राहते. त्यामुळे अहवालातील वाढीचे दर कंपनीच्याच अंदाजपत्रकाशी आणि मालमत्तेच्या हानीच्या (इम्पेअरमेंट) चाचणीत वापरलेल्या दरांशी जुळतात का हे अहवाल स्वीकारण्याआधी तपासावे, कारण लेखापरीक्षक नेमके तेच दोन कागद शेजारी ठेवतो.

टिपांमध्ये प्रत्येक वर्गाची पातळी, दुसऱ्या व तिसऱ्या पातळीसाठी वापरलेल्या पद्धती, आणि पातळ्यांमधील हस्तांतरण कोणत्या तारखेला झाले असे मानले जाते याचे धोरण द्यावे. तिसऱ्या पातळीसाठी सुरुवातीच्या शिलकेपासून अखेरच्या शिलकेपर्यंतचा ताळमेळ द्यावा लागतो : खरेदी, विक्री, नफा-तोट्यात गेलेली रक्कम, ओसीआयमध्ये गेलेली रक्कम, आत आलेली व बाहेर गेलेली हस्तांतरणे. एखादा रोखा मागच्या वर्षी दुसऱ्या पातळीवर होता आणि या वर्षी त्यात व्यवहारच झाले नाहीत म्हणून तिसऱ्यावर गेला असेल, तर ते ताळमेळात वेगळ्या ओळीवर दाखवावे आणि त्याच टिपेत कारणही लिहावे.